लॉनच्या जागी भाजीचे वाफे: नागपुरात पहिल्यांदा बाग करणाऱ्यांसाठी

नागपुरात लॉन काढून त्या जागी भाजीपाला लावायचा असेल, तर मृगाची वाट पाहू नका. होळी झाली की कामाला लागा. बहुतेक जण पहिला पाऊस पडल्यावर कुदळ हातात घेतात. तेव्हा हरळीला इतका जोर आलेला असतो की दिवाळीपर्यंत वाफ्यात भाजी कमी आणि गवतच जास्त दिसतं. एप्रिल-मेमधलं आपलं ४४-४५ अंशांचं ऊन गवताचा निकाल लावतं, तेही फुकट. या उन्हाला आपण वर्षभर नावं ठेवतो, पण नव्या बागेला त्याच्याइतकी मदत दुसरं कोणी करत नाही.

पाण्याचा हिशेब आधी करून घ्या. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर. धरमपेठ, बजाजनगर किंवा मनीषनगरातल्या एखाद्या घरापुढे ३०० चौरस फुटांचं लॉन असेल, तर ते सुमारे २८ चौरस मीटर भरतं. ऐन उन्हाळ्यात हिरवं राहायला गवताला रोज साधारण ६ मिलिमीटर पाणी लागतं असं धरलं, तरी दिवसाला १६५ लिटरच्या वर जातं. हे पाणी पेंचच्या धरणातून किंवा कन्हान नदीतून येतं, शुद्ध होऊन येतं आणि त्यातून पोटात जाईल असं काहीच उगवत नाही. भाजीलाही पाणी लागतंच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण भाजीला मुळाशी मोजून पाणी देता येतं आणि मे महिन्यात निम्मे वाफे रिकामे ठेवता येतात. लॉनला ही सोय नाही.

सगळं लॉन एकदम उखडू नका. पहिल्या वर्षी १० बाय १० फुटांचा तुकडा पुरे. ज्या तुकड्यावर सकाळचं ऊन पाच-सहा तास राहतं आणि दुपारनंतर थोडी सावली येते, तो सगळ्यात चांगला. दुपारनंतर पश्चिमेच्या उन्हात तापणारी, कंपाउंडच्या भिंतीला लागून असलेली जागा शेवटी घ्या, कारण सूर्य मावळल्यावरही ती भिंत रोपांना भाजत राहते. मागच्या पावसाळ्यात पाणी कुठे साचलं होतं ते आठवा. ती जागाही सोडा.

गवत मारायचं कसं

मार्चमध्ये जमीन आदल्या दिवशी थोडी ओली करा आणि कुदळीने चार ते सहा इंच खोल खणून गवताचे ढेकळं उलटे टाका. मुळं उन्हाकडे यायला हवीत. आठ-दहा दिवस तसंच वाळू द्या. मग ढेकळं फोडून हरळीच्या पांढऱ्या, गाठीगाठीच्या मुळ्या हाताने वेचा. या कामाला कंटाळू नका. प्रत्येक गाठीतून नवी हरळी फुटते, म्हणून एक बोटभर तुकडा राहिला तरी तो पावसात तुमची आठवण काढतो. वेचलेल्या मुळ्या ओल्या असताना खताच्या खड्ड्यात टाकायच्या नाहीत. गच्चीवर किंवा फरशीवर पसरून त्या पार कुरकुरीत वाळू द्या, मग टाका.

लव्हाळा म्हणजे नागरमोथा असेल तर त्याचे काळे कंद आणखी खोल असतात. तिथे फूटभर खणावं लागतं आणि तरीही दोन-तीन वर्षं पाठपुरावा करावा लागतो.

एप्रिलच्या मध्यावर दुसरा टप्पा. जमीन सपाट करा, काड्या-खडे काढा आणि सहा-आठ इंच खोलवर भिजेल इतकं पाणी द्या. त्यावर पारदर्शक पातळ प्लास्टिक अंथरा. काळं नको. काळं प्लास्टिक स्वतः तापतं, पारदर्शक प्लास्टिकखाली माती तापते. नवा सोफा, गादी किंवा फ्रिज येताना जे मोठं पारदर्शक आवरण येतं ते इथे कामाचं आहे. ओळखीत कोणाकडे फर्निचर येणार असेल तर सांगून ठेवा. फाटलेलं असेल तर चिकटपट्टीने जोडा, कारण एका भोकातून सगळी वाफ निघून जाते. प्लास्टिक जमिनीला चिकटून राहिलं पाहिजे. चारही बाजूंनी सहा इंचांचा चर खणून कडा त्यात दाबा आणि मातीने बुजवा. पाच-सहा आठवडे हात लावू नका. वरची माती ५० अंशांच्या पुढे जाते, त्यात गवताचं बी, उरलेल्या मुळ्या आणि रोपं कुजवणाऱ्या बऱ्याच बुरश्या मरतात. आधीपासून असलेल्या आंब्याच्या किंवा इतर कुठल्या झाडाच्या मुळांवर मात्र हे प्लास्टिक येऊ देऊ नका.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपता संपता, पहिल्या वादळी पावसाआधी, प्लास्टिक सावकाश गोळा करा. उन्हाने ते कडक झालेलं असतं, ओढलं तर तुकडे पडतात. त्यानंतर जमीन खोल खणायची नाही, नाहीतर खालचं जिवंत बी पुन्हा वर येतं.

उन्हाळा हुकला असेल तर पुठ्ठ्याची पद्धत आहे. गवत अगदी जमिनीलगत कापा, भिजवा, त्यावर खोक्यांचे साधे तपकिरी पुठ्ठे सहा-सहा इंच एकमेकांवर चढवून अंथरा आणि वरून शेणखत व पालापाचोळ्याचा जाड थर द्या. चिकटपट्ट्या आधी काढा, चकचकीत छापील पुठ्ठे घेऊ नका. आपल्याकडे यात एकच अडचण आहे, ती वाळवीची. घराच्या भिंतीपासून आणि लाकडी दारापासून तीन फूट तरी अंतर ठेवा.

काळी माती आणि वाफसा

नागपूरची काळी माती सुपीक आहे, पण तिची वेळ पाळावी लागते. पावसात ती फुगते, चिकटते आणि पाणी धरून ठेवते. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. ओल्या मातीत पाय दिला किंवा कुदळ मारली तर तिचे दगड होतात. म्हणून वाफशाची, म्हणजे माती ओलसर पण मोकळी होण्याची, वाट पाहायची. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. गोळा फुटून मोकळा झाला तर वाफसा आलेला आहे. नुसताच चपटा झाला तर अजून एक-दोन दिवस थांबा.

सपाट जमिनीत काहीही लावू नका. तीन फूट रुंद, आठ इंच उंच गादीवाफे करा आणि दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाची वाट ठेवा. वाटेवर चालायचं, वाफ्यावर कधीच नाही. दर दहा चौरस फुटांना एक मोठी टोपली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि तितकाच कुजलेला पाला मिसळा. शेणखत काळसर, भुसभुशीत आणि वास नसलेलं हवं. गरम लागणारं, हिरवट शेण टाकलं तर रोपं जळतात आणि मुळं खाणारी हुमणी अळी येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये शहरभर रस्त्याकडेला पानं पडतात, ढीग लावून जाळली जातात. त्यातली दोन-चार पोती घरी आणून ओली करून ठेवली, तर पुढच्या वर्षीच्या खताची सोय होते. रेती मिसळायचा सल्ला बरेच जण देतात. काळ्या मातीत थोडी रेती टाकून काही होत नाही, आणि फरक पडेल इतकी टाकायची तर ट्रकच लागेल. तोच पैसा शेणखतावर घाला.

कबाडातलं कोणतं प्लास्टिक घ्यायचं

वाफे तयार होईपर्यंत डब्यांची कामं करून घ्या. खाण्याचं पीक घ्यायचं असेल तर डबा आधी कशाचा होता, याला सगळ्यात जास्त महत्त्व आहे. तळाशी त्रिकोणात एक आकडा असतो. २ आणि ५ हे आपल्या कामाचे. खाद्यतेलाचे ५ आणि १५ लिटरचे कॅन बहुधा २ क्रमांकाचे असतात, आइस्क्रीमचे मोठे डबे आणि पार्सलचे डबे ५ क्रमांकाचे. दुधाच्या पिशव्या ४ क्रमांकाच्या, त्या रोपं तयार करायला चांगल्या. पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या १ क्रमांकाच्या. त्या एका हंगामापुरत्याच, कारण आपल्या उन्हात त्या पांढऱ्या पडतात आणि तडकतात.

३ क्रमांक नको. जुने फ्लेक्स याच जातीचे, आणि ते शहरात ढिगाने मिळतात म्हणून लोक वाफ्याखाली अंथरतात. त्यांचे पापुद्रे सुटून मातीत मिसळतात आणि पुन्हा वेचून निघत नाहीत. थर्माकोलचंही तेच. कीटकनाशक, ॲसिड, फिनाइल किंवा इंजिन ऑइलचे कॅन कितीही धुतले तरी बागेत आणू नका. भिंतीच्या रंगाची २० लिटरची बादली मजबूत असते, पण रंगात बुरशीनाशक असतं, म्हणून ती मोगरा-गुलाबाला द्या. कबाड्याकडे कॅन निवडताना वास घ्या. तेलाचा वास सोडून दुसरा कुठलाही आला तर परत ठेवा.

१५ लिटरचे तेलाचे कॅन कुठे मिळतील? खानावळी, वसतिगृहांच्या मेस आणि तर्री-पोहे, समोसे विकणारे ठेले यांच्याकडे ते रोज रिकामे होतात. थेट त्यांना विचारा.

तेलाच्या कॅनची कुंडी

हा एक नमुना नीट जमला की बाकी सगळं त्यावरून सुचतं.

१. कॅनमध्ये मूठभर धुण्याचा सोडा आणि गरम पाणी घालून झाकण लावा, जोरात हलवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी भांड्यांच्या साबणाने दोनदा धुवा. आत तेलाचा हात राहिला तर मुंग्या लागतात आणि माती पाणी धरत नाही.

२. खांद्याच्या जरा खाली चारही बाजूंनी पेनाने रेघ मारा. खाली वर्तमानपत्र पसरा आणि आरीच्या पानाने कापा. कापताना पडणारा भुसा कागदात गोळा करून कचऱ्यात टाका, अंगणात झटकू नका. कडा सँडपेपरने घासून घ्या, नाहीतर हात कापतात. वरचा मुठीचा भाग फेकू नका, उलटा धरला की तो नरसाळं होतो. ५ लिटरचा कॅन तिरपा कापला तर मुठीसकट माती भरायचं फावडं मिळतं.

३. ड्रिलने आठ मिलिमीटरची भोकं पाडा: बाजूला तळापासून एक इंच वर चार आणि तळाला दोन. तळाच्या भोकांत कडुनिंबाच्या काडीच्या खुंट्या घट्ट बसवा. उन्हाळ्यात खुंट्या राहू द्या, म्हणजे तळाशी इंचभर पाणी टिकतं. जूनमध्ये त्या उपटा, म्हणजे पावसाचं पाणी निघून जातं. सळई तापवून भोकं पाडू नका, तो धूर वाईट असतो.

४. तळाशी बाजूच्या भोकांच्या उंचीपर्यंत फुटक्या कवेलूचे (कौलाचे) किंवा विटेचे तुकडे टाका. वर गोणपाटाचा तुकडा. त्यावर दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कुजलेला पाला. नुसती काळी माती भरली तर ती वाळून कॅनच्या कडेपासून सुटते, मग घातलेलं पाणी कडेकडेने खाली जातं आणि मुळं कोरडीच राहतात. वरची दोन इंच जागा रिकामी ठेवा.

५. बाहेरून गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधा. हे सजावटीसाठी नाही. उन्हात कॅनची भिंत इतकी तापते की तिला लागलेली मुळं शिजतात. गोणपाटाने प्लास्टिकचंही आयुष्य वाढतं. कॅन दोन विटांवर ठेवा.

अशा उभ्या कॅनमध्ये एक वांग्याचं, टमाटराचं किंवा मिरचीचं झाड आरामात वाढतं. कॅन आडवा ठेवून वरची एक बाजू कापली तर पालक, मेथी आणि सांभाराला (कोथिंबिरीला) पुरेशी खोली मिळते.

बाटलीच्या ठिबकाला पाच मिनिटं लागतात. एक लिटरच्या बाटलीच्या झाकणाला दोन बारीक छिद्रं, तळ कापलेला, तोंडाला सुती चिंधी गुंडाळलेली, आणि रोपापासून चार इंचांवर उलटी पुरलेली. चिंधी नसेल तर काळी माती छिद्रं बुजवते. कापलेला तळच उलटा करून झाकण म्हणून ठेवा. डेंगूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवे डास उडतात. पावसाळ्यात ठिबकाची गरज नसते, तेव्हा या बाटल्या काढूनच ठेवा. आठवड्यातून एक वार ठरवा आणि त्या दिवशी अंगणातला प्रत्येक डबा, झाकण, ताटली पालथी करा.

दुधाच्या पिशव्या धुऊन, खालचे दोन कोपरे कापून त्यात वांगी-मिरचीची रोपं करा. लावताना पिशवी चिरून काढा, तिच्यासकट रोप पुरू नका. आइस्क्रीमच्या झाकणाच्या पट्ट्या कापून पेन्सिलने नाव-तारीख लिहा. पेनाची शाई उन्हात उडते, पेन्सिल टिकते.

काय लावायचं

पहिल्या पावसाळ्यात चवळी, भेंडी, गवार आणि अंबाडी, एवढ्यावर नवख्या हाताने थांबावं. या चारही पिकांचं बी सरळ वाफ्यात पेरता येतं आणि हाताला लवकर यश येतं. चवळी जमिनीला नत्रही देते. अंबाडी तर विसरलात तरी वाढते, आणि घरच्या कोवळ्या पानांची भाजी ज्वारीच्या भाकरीसोबत खाल्ली की बाजारची जुडी घ्यावीशी वाटत नाही. वेलांपैकी एक दोडक्याचा किंवा कारल्याचा वेल कंपाउंडच्या जाळीवर सोडा. वांगी आणि मिरचीची रोपं मेअखेर पिशव्यांत टाकून ठेवली असतील तर जुलैत वाफ्यात जातात. वांग्याला दोन फूट, मिरचीला दीड फूट अंतर.

पोळ्याच्या सुमारास फुलकोबी, पानकोबी आणि टमाटराची रोपं टाका. दसऱ्यापासून मेथी, पालक, मुळा, सांभार, वाटाणा, लसूण. नागपूरचा हिवाळा भाजीसाठी फार गुणाचा आहे, म्हणून एखादा वाफा त्याच्यासाठी आधीपासून राखून ठेवा. मेथी दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरा, सगळी एकदम पेरली तर एकदमच संपते. सांभाराचे धणे चपलेने हलके रगडून दोन फाका करून पेरा. गाजराचा हट्ट जमिनीत धरू नका, काळ्या मातीत ते वाकडं आणि दोनतोंडी होतं. हवंच असेल तर कॅनमध्ये करा.

मावा आणि पानं खाणाऱ्या अळ्यांसाठी निंबोळी अर्क पुरतो. निंबोळ्यांचा पाऊस जून-जुलैत प्रत्येक गल्लीत पडतो. गर काढून बिया सावलीत वाळवून ठेवा. ५० ग्रॅम बी जाडसर कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, कापडातून गाळा, थोडा साबणाचा चुरा घाला आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारा. रोज ताजा अर्क करायचा, उरलेला ठेवून उपयोग नाही.

टिकाऊ झाडं, आणि संत्रा

बागेच्या कडेला गोडलिंब (कढीपत्ता) आणि मुंगना (शेवगा) हवाच. मुंगना दरवर्षी चार फुटांवर छाटला तर शेंगा हाताला येतात आणि वादळात फांद्या मोडत नाहीत. पपई काळ्या मातीत पाणी साचलं की मुळातून सडते, म्हणून ती दीड-दोन फूट उंच ढिगावरच लावा.

संत्र्याचं झाड आपल्या अंगणात असावं असं प्रत्येक नागपूरकराला वाटतं. बागायतदार दोन झाडांत साधारण ६ मीटर अंतर ठेवतात, आणि पहिलं फळ यायला चार-पाच वर्षं जातात. अंगण छोटं असेल तर कागदी लिंबू लावा, ते जास्त शहाणपणाचं आहे. संत्राच हवा असेल तर रस्त्याकडेच्या गाडीवरून न घेता अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत कलमांची चौकशी करा. महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयातही सल्ला मिळतो. लावताना कलमाचा डोळा, म्हणजे कलम बांधलेला जोड, जमिनीपासून सहा इंच वर राहिला पाहिजे आणि बुंध्याला पाणी टेकता कामा नये. बुंध्याभोवती मातीचा उतार बाहेरच्या बाजूने करा आणि आळं त्यापलीकडे फिरवा. हे चुकलं की सालीतून डिंक वाहू लागतो आणि चांगलं वाढलेलं झाड हातचं जातं.

दुसरा उन्हाळा

मार्च संपता संपता हिवाळी वाफे रिकामे होतात. ते भरायची घाई करू नका. जे जगवायचं आहे तेवढंच ठेवा: मिरची, वांग्याची छाटलेली झाडं, सावलीतला पुदिना. त्यांच्यावर बांबूच्या चौकटीवर ५० टक्के ऊन अडवणारी ग्रीन नेट बांधा, तीच जी उन्हाळ्यात चौकांतल्या सिग्नलवर बांधतात. नेट झाडांच्या दोन-तीन फूट वर हवी, म्हणजे गरम हवा निघून जाते. पाणी सकाळी आठच्या आत, मुळाशी, आणि वर चार इंच पाल्याचं आच्छादन.

कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी वाफ्यात टाकायचा मोह होतो. दिवसभर पाण्याची वाफ होत राहते आणि क्षार टाकीतच साचत जातात, बोअरचं पाणी असेल तर जास्तच. हे पाणी रोज भाजीला गेलं की मातीवर पांढरी खपली धरते आणि पानांच्या कडा करपतात. टाकी धुतलेलं पाणी मुंगन्याला द्या, तेही आठवड्यातून एकदाच, पुढे पावसात क्षार धुऊन निघतात.

याच दिवसांत सगळे डबे तपासा. कॅनच्या कडेला अंगठ्याने दाबा. तो लवचीकपणे आत जाऊन परत आला तर आणखी एक वर्ष चालेल. पांढरी भुकटी हाताला लागली किंवा चर्र आवाज आला तर त्याचं काम संपलं. फुटायची वाट न पाहता ताडपत्रीवर माती काढून घ्या, कॅन अख्खा धुऊन वाळवा आणि कबाड्याला द्या. अख्खा आणि स्वच्छ कॅन तो घेतो, चुरा झालेला कोणी घेत नाही, आणि तो चुरा तुमच्याच मातीत राहतो. काढलेली माती नव्या शेणखतात मिसळून उन्हात पसरून ठेवा. आणि लॉनचा दुसरा तुकडा घ्यायचा असेल तर पारदर्शक प्लास्टिक शोधायला आत्ताच लागा.